फायनलला कुणी उठायचं

मे महिन्यातल्या एका रविवारी गावच्या बेसबॉल संघाने, अँकर्सनी, आठव्या इनिंगमध्ये तीन धावा काढल्या, आणि ऑगी नोव्हॉटनीने नेहमीसारखी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "ये आता आत! झाल्या धावा!"

त्याची बायको मार्सेला आली नाही. शेजारणीशी बोलत बसली असेल, असं त्याला वाटलं. जाहिराती संपल्या तरी आली नाही, तेव्हा तो उठला. ती मागच्या पायरीवर बसली होती, कठड्याला टेकून, डोळे मिटून. ऑगीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला कळलं. आत टीव्हीवर लोक अजून ओरडत होते.

ती बाहेर का बसली होती, हे त्या बंदराच्या गावात कुणाला सांगावं लागलं नाही. तिथे घरोघरी काहीतरी असायचंच. संघ जिंकत असेल तर कुणी मोजे धुवायचं नाही, कुणी दाढी करायचं नाही. नोव्हॉटनींच्या घरची रीत अशी, की सामना अडला की मार्सेलाने बाहेर जायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती ओव्हनमधलं मांस बघायला उठली आणि इकडे होमरन बसला, चेंडू थेट कुंपणापार. पुढच्या आठवड्यात उठली, पुन्हा बसला. झालं, त्या दिवसापासून तिने ते काम अंगावर घेतलं. कुणी सांगायच्या आधीच उठायची. "चालले बाई. हे गडी माझ्यासमोर लाजतात," म्हणायची.

खरं तर दोघांत बेसबॉलचं वेड तिलाच जास्त. बापाच्या खांद्यावर बसून ती लहानपणी मैदानावर गेलेली. चेंडू टाकणारा कुठला पिचर थकला की कोपर खाली आणतो, हे ती ऑगीला सांगायची. पण अँकर्सचे सगळे मोठे फटके तिने जाळीच्या दाराबाहेरून ऐकले. मैदानावर गेले, तरी ऐन वेळी ती खुर्ची सोडून मागच्या बोळात सॉसेजच्या गाडीपाशी जाऊन उभी राहायची.

ऑगी एकदा म्हणाला होता, "तुला काही दिसत नाही, वाईट नाही वाटत?"

"तुझ्या ओरडण्यावरून सगळं कळतं मला. 'हाऽऽ' केलंस की चेंडू कुंपणापार. शिव्या घातल्यास की झेल सुटला. आणि गप्प बसलास की समजायचं, मेलो."

मार्सेला गेली त्याच वर्षी अँकर्स फायनलला पोचले. ऑगीच्या अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा. गावाने देव पाण्यात घातले. त्याच्या मुलीने, पॉलेटने, कुठून कुठून खटपट करून शेवटच्या सामन्याची दोन तिकिटं मिळवली, एक त्याला, एक मावशीला. ऑगी म्हणाला, मी येत नाही. मग ती मावशी, मार्सेलाची धाकटी बहीण ल्युसिल, घरी आली आणि दारातूनच सुरू झाली.

"नाही आलास तर तुझ्या जागी फादर क्लेमेंटला नेईन. तो पलीकडच्या संघाचा आहे, माहितीये ना?"

"ने खुशाल."

"ऑगी, अरे, तिने जन्मभर वाट पाहिली रे. तू बघितलं नाहीस तर कुणी बघायचं?"

ऑगीने तिकिटासाठी हात पुढे केला. त्याला बघायचं होतंच. दोघांच्या वतीने, शेवटच्या चेंडूपर्यंत, डोळे भरून.

ऑक्टोबरची थंडी होती. ल्युसिलने दोघांच्या गुडघ्यांवर ब्लँकेट टाकलं. आठ इनिंग ऑगी जागचा हलला नाही. नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये अँकर्स एका धावेने मागे पडले होते. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास. दोन धावपटू बेसवर, आणि फलंदाजीला नवखा पोरगा. नशीब पालटावं म्हणून आजूबाजूच्या लोकांनी टोप्या उलट्या केल्या. मागच्या रांगेतला रंग फासलेला एक धिप्पाड माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला, "करा रे कुणीतरी काहीतरी! आजोबा, तुमचं नाही का काही?"

ल्युसिलने ऑगीकडे पाहिलं नाही. मैदानाकडे बघतच ती म्हणाली, "दर वर्षी म्हणायची."

"माहितीये."

"फायनलला मी बसणार, ऑगीने बाहेर जायचं. पाय मोडला तरी मी उठणार नाही."

"आणि मी म्हणायचो, कबूल."

"पण तू बस. थट्टा होती ती. बस, ऑगी."

ऑगी उठला. ब्लँकेटची घडी करून त्याने ती आपल्या खुर्चीवर ठेवली. "इथे कुणाला बसू देऊ नकोस," म्हणाला, आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत पायऱ्या चढून मागच्या बोळात गेला.

तिथे चिटपाखरू नव्हतं. सॉसेजवालाही गाडी सोडून आत पळाला होता. तळलेल्या कांद्याचा वास येत होता. ऑगी भिंतीला टेकून उभा राहिला. आतून हजारो लोकांचा आवाज येत होता, पण त्यात ओळखीचा एकही नव्हता. कशावरून काय समजायचं, हे त्याला कळेना. मार्सेलाला एकच आवाज ऐकायचा असे.

मग सगळं गप्प झालं. गेलो, असं त्याला वाटलं. तेवढ्यात भिंत हादरली. ऑगी तसाच उभा राहिला. तिला आत बोलवायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं; आज बाहेर तोच होता.

बऱ्याच वेळाने ल्युसिल आली. टोपी कुठे पडली होती कोण जाणे, डोळे सुजले होते.

"दोघेही धावून पोचले, ऑगी! जिंकलो! दुसरा तर पोटावर घसरत! बघितलंस का? पडद्यावर तरी बघितलंस?"

"ऐकलं."

"अरे देवा. काय माणूस आहेस." तिने त्याची बाही धरली आणि तिथेच रडायला लागली.

"खुर्चीवर कुणी बसलं नाही ना?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. मागच्याला तर मी कोपर मारलं."

पॉलेटने सामना टीव्हीवरून उतरवून ठेवला आहे. ऑगीच्या आठ इनिंग दोनदा पाहून झाल्या. नववी अजून पाहायची राहिली आहे.