भायर

काजूच्या बिया घरापुढच्या खळ्यात वाळत पडल्या होत्या आणि नेमका तेव्हाच शेवंतीकाकीला कावळा शिवला. झालं! वाकळ, जर्मनचं ताट आणि तांब्या उचलून ती घरामागच्या मांगरात गेली. मांगर गुरांचा. तिथे जनावरांखाली घालायला रानातला पातेरा, सुका पाला, रचून ठेवलेला, त्यावरच तिचा बिछाना. घरात देव आहेत, विटाळ नको, ही हरिश्चंद्र आजोबांची ताकीद. काका मुंबईला नोकरीला. घरात शब्द आजोबांचा आणि देवळात गाऱ्हाणंही त्यांनीच घालायचं.

पुतणी दीपिका पेज घेऊन गेली, तर काकी हसत म्हणाली, "माका सुट्टी गावली गो. सासऱ्याचो आवाज चार दिवस नाय."

काकी न्हाऊन घरात आली आणि मागोमाग तापाने फणफणली. आजोबांनी निदान केलं, विटाळात हिने तुळशीकडे बघितलं असणार. नारळ ठेवला, अंगारा लावला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा कुठे बांद्याला नेलं, तिथून पुढे गोव्याला. माकडताप, डॉक्टर म्हणाले. काकी परत आली ती शववाहिनीतून.

दहावीतली दीपिका रडली नाही. तिने डूख धरला.

काही दिवसांनी तापाचा माग काढायला विद्यापीठाची माणसं आली. सोबत गावातलं महिला मंडळ, कारण परक्या माणसाला उंबऱ्यावर कोण काय सांगणार? मंडळाच्या मथुरावहिनी ओळख करून देत आणि विद्यापीठाच्या तेजस्वी मॅडम विचारत. काकी आजारी पडण्याआधी कुठे गेली होती? आजोबांनी पान चघळत सांगितलं, "भायर होती."

मॅडमनी मान डोलावली. ताप आलेल्या आणखी दोघींच्या घरीही हेच उत्तर मिळालं होतं. बायका बाहेरगावी जाऊन ताप घेऊन आल्या, असं धरून आता गोव्याकडच्या काजूबागा धुंडाळायचा बेत चालला होता. मथुरावहिनींना सगळं कळत होतं. पण पुरुषमाणसांसमोर ते बोलायचं कसं? त्या पदराचं टोक चावत राहिल्या.

दीपिका दारातून पुढे आली. "मॅडम, आमच्याकडे भायर म्हणजे परगावी नाही. पाळी आली की घराबाहेर. तिकडे, त्या मांगरात."

आजोबांनी असे डोळे वटारले की एरवी तिचं पाणी पाणी झालं असतं. तिनेही वटारले.

मग मथुरावहिनींची भीड चेपली. त्यांनी घरोघरी बायकांना बोलतं केलं, मांगर उघडायला लावले. मॅडमचे विद्यार्थी पातेऱ्यावरून पांढरं फडकं ओढत गेले, तर फडक्यावर तिळासारख्या गोचिडीच गोचिडी. तपासणीत त्यांच्यात माकडतापाचे विषाणू सापडले.

शाळेत सभा भरली. मॅडमनी ते फडकं दाखवत सगळं सौम्य शब्दांत सांगितलं, मंडळाने ठराव मांडला, यापुढे एकाही बाईला मांगरात बसवायचं नाही. आजोबा उठले. "पूर्वापार चालत इलेली रीत ही. माज्या आवशीन थंयच दिस काढल्यान. मांगराक काय झाला?"

याचीच तर दीपिका वाट बघत होती. तिने पिशवीतून काकीचं जर्मनचं ताट काढलं आणि त्यांच्यासमोर बाकावर ठेवलं.

"काय नाय झाला ना? मग आज तुमी निजा थंय. पेज मी हाडतंय."

कुणी हसलं नाही. आजोबांनी ताटाकडे बघितलं, मग त्या फडक्याकडे, आणि त्यांचा हात नकळत मानेकडे गेला. खाजवायला लागले. खाजवतच राहिले. मागून एक म्हातारी पुटपुटली, "सुनेक धाडताना नाय खाजला."

ठराव झाला. आजोबा मांगराकडे फिरकले नाहीत. दीपिकाला त्यांची दया आली का? तीळभरही नाही. तिचं अजून फिटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिला पाळी आली. आईने सवयीने वाकळ काढली, क्षणभर हातात धरली आणि घडी करून परत ठेवली. दीपिका काकीच्याच ताटात भात वाढून घेऊन स्वयंपाकघरात आजोबांशेजारच्या पाटावर बसली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "माका कावळो शिवलो हा."

आजोबांचा घास तोंडाशीच थांबला. त्यांनी दीपिकाच्या आईकडे बघितलं. ती खाली मान घालून आमटी वाढत राहिली. शेवटी तेच उठले आणि ताट घेऊन खळ्यात जाऊन बसले, एकटे.

दीपिकाने भातावर आमटी ओतून घेतली आणि आतूनच हाक मारली.

"आजोबा, भायर बसलात? मांगर उघडो आसा हा."