सिमेंटखाली गुदमरलेला सागवानी पूल

मित्रांनो, येरमाळ्याच्या अलीकडे एका छोट्या नदीवर उभा असलेला सागवानी पूल तो मीच. वय विचारू नका. निजामाच्या अमलातला जन्म आहे, एवढं पुरे. गावातले सुतार समद मिस्त्री, त्यांच्या आजोबांनी मला घडवलं. माझ्या तुळयांत एकही खिळा नाही. खाचेत खाच बसवून आणि लाकडी खुंट्या ठोकून त्यांनी मला जोडलं. म्हणून तर धाराशिवच्या कॉलेजातली मुलं मला पाहायला येतात आणि मी उगाच ताठ उभा राहतो.

नदीच्या खालच्या अंगाला मोठा पूल झाला, एसटी तिकडून जाऊ लागली; पण शेताकडे जाणारी माणसं आणि बैलगाड्या माझ्याच अंगावरून जात. दसरा झाला की प्रत्येक घर वाटीभर जवसाचं तेल आणून माझ्या फळ्यांना चोळायचं. ही रीत मिस्त्रींच्या आजोबांनीच घालून दिलेली. त्या दिवशी मला नातवंडांनी पाय चेपलेल्या म्हाताऱ्यासारखं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी धोंडीबा सरपंच झाले. त्यांची माझ्यावर फार माया, आणि तीच मला भोवली. देवीच्या यात्रेआधी त्यांनी माझ्या फळ्यांवर सिमेंटचा जाड थर घालायचं ठरवलं.

"धोंडीबा, लाकडाला वारा लागतो. त्याचं तोंड बंद करू नका," समद मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, लई जुन्या गोष्टी सांगता तुम्ही. पूल कसा पक्का झाला पायजे!"

थर पडला. सगळं गाव खूश झालं. पावसाचं पाणी मात्र भेगांतून आत शिरायचं आणि बाहेर पडायला वाट नसायची. मी आतून कुजू लागलो. तेलाची रीतही मोडली. गावातल्या म्हाताऱ्या मथुराबाईंनी तेवढी सवयीनं सिमेंटवर तेलाची वाटी ओतली आणि त्यावरूनच त्या घसरल्या. तेव्हा मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

यंदा तपासणीला बांधकाम खात्याचे साहेब आले. त्यांनी कडेच्या फळीत सळई खुपसली, तर ती सरळ आत गेली.

"पूल पाडावा लागेल," ते म्हणाले.

मित्रांनो, मी फार घाबरलो. मला मोडायचं नव्हतं.

"साहेब, फळ्या सडल्यात, व्हय. पण तुळया कुठं बघितल्या?" समद मिस्त्री म्हणाले. "चार दिवस द्या. थर काढून दाखवतो."

साहेबांनी मुदत दिली. सत्तरीतले मिस्त्री एकटेच घण घेऊन आले. दोन घाव घातले आणि धापा टाकत खाली बसले. तेवढ्यात धोंडीबा आले आणि त्यांच्या हातातला घण त्यांनी काढून घेतला.

"म्याच घातलं, म्याच काढतो. मिस्त्री, तुमचं ऐकाया पायजे होतं."

सगळं गाव बघत होतं, पण धोंडीबांनी मान वर केली नाही. मग एकेक जण हाताखाली आला. थर आणि सडक्या फळ्या निघाल्या, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या तुळया उघड्या पडल्या. साहेबांनी स्वतः सळई रोवून पाहिली. टोकसुद्धा आत गेलं नाही. फळ्या बदलायच्या, आणि इथून पुढं फक्त पायी माणसांनीच जायचं, असं ठरलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया जरूर करा, पण तिला हात लावण्याआधी तिचं मर्म जाणणाऱ्याला विचारा. इतके पूर आले, एकाही पुरानं मला हरवलं नाही. माझा जीव जाता जाता राहिला, तो माझ्याच माणसांच्या आंधळ्या मायेपायी.