नावाआधीचा चंद्रबिंदू

माझी धाकटी बहीण सरयू आश्विनात गेली. त्यानंतरही दर शनिवारी ती मला 'वंगगर्जना' साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर ठणठणीत भेटत राहिली.

"मी, श्रीमती सरयूबाला देवी, हिवतापाने व पोटात वाढलेल्या पानथरीने मृत्यूच्या दारी पोहोचले होते. त्रिपुराचरण कविरत्न यांच्या ज्वरविजय सुधेच्या तीन बाटल्यांनी समूळ बरी झाले. आता दोन्ही वेळचा स्वयंपाक मी स्वतः करते."

सरयूला अक्षरओळख नव्हती. हे लिहिलं होतं तिच्या नवऱ्यानं, अघोरनाथनं. अघोर स्वदेशीचा कडवा भक्त. विलायती कपड्यांच्या होळीत त्यानं तिची लग्नातली ओढणी टाकली आणि मी नेऊन दिलेल्या कोयनेलच्या पुड्या तळ्यात भिरकावल्या. मी गाबतला गावचा पोस्टमास्तर. हिवतापावरचं हे सरकारी औषध पोस्टाच्या खिडकीवरच विकत मिळायचं, पण घेतो कोण? जिभेला कडू, वर गोऱ्यांचं. सुधा मात्र कलकत्त्याहून पार्सलांनी यायची. ती गोड होती आणि बाटलीवर भारतमातेचं चित्र होतं. लोक ती सोडवून न्यायचे आणि मी त्यांना शिक्के मारून द्यायचो.

हिवताप मधेच काही दिवस दडी मारून बसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्या दडीतच अघोरनं प्रशंसापत्र धाडून दिलं. ज्याचं पत्र छापलं जाई त्याला बाटल्या फुकट मिळत. त्या फुकटच्या बाटल्या संपायच्या आधी सरयू संपली.

आई माझ्याकडे राहायची. शनिवारी डाक आली की ती खिडकीशी येऊन उभी राही. "वाच. आज काय म्हणते ती?"

"तेच म्हणते, आई."

"वाच तरीपण."

मी वाचायचो. शेवटच्या वाक्याला आई दर वेळी पदर तोंडाला लावायची. एकदा म्हणाली, "दोन्ही वेळचा स्वयंपाक. मेल्यावर तरी तिला चुलीपुढून उठू द्या म्हणावं. निबू, तू कलकत्त्याला जा. त्यांना म्हणावं, माझ्या पोरीचं तोंड आता मिटा."

गेलो. कविरत्न भेटले नाहीत, ते मोठ्या लोकांच्या नाड्या बघण्यात गुंतले होते. 'वंगगर्जना'च्या कचेरीत व्यवस्थापक क्षितीशबाबू पान चघळत बसले होते.

"गेल्या? अरेरे," ते म्हणाले. "पण करार वर्षाचा आहे हो, मास्तरबाबू. आणि मधे त्या बऱ्या झाल्या होत्या ना? मग खोटं काय छापलं आम्ही?"

"ती मेलीय."

"ते आम्ही कुठं नाकारतोय? त्याबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही."

माझा हात त्यांच्या शाईच्या दौतीकडे गेला होता. त्यांनी ती अलगद बाजूला सरकवली.

"हे बघा, पहिल्या पानावर आम्ही लाटसाहेबाची सालटी काढतो ना, त्या पानाचा कागद शेवटच्या पानातून येतो. सुधा बंद झाली तर गर्जना बंद. तुमचं काय, तुम्ही सरकारचे नोकर. तुम्हाला बरंच वाटेल."

देशभक्तीचा एवढा मोठा घोट मी आयुष्यात घेतला नव्हता. जिना उतरायला लागलो. मागून कुणीतरी हाक मारली. छापखान्यातला खिळे जुळवणारा, ईशान. म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"जाहिरात काढणं माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "पण तो मजकूर बांधून ठेवलेला असतो, दर आठवड्याला तसाच उचलून लावायचा. त्यातला एखादा खिळा बदलला तर कोण बघतंय?"

"काय बदलणार?"

"श्रीमती काढतो. चंद्रबिंदू घालतो."

मला भर जिन्यात रडू कोसळलं. आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावाआधी श्री लावायची आणि गेलेल्याच्या नावाआधी चंद्रबिंदू. वाचताना त्याचा उच्चार 'ईश्वर' असा करायचा. अर्धा चंद्र आणि वर एक टिंब. एवढ्यानं साऱ्या बंगालला कळणार होतं की ही बाटली पिऊन बाई मेली.

पुढच्या शनिवारी मी आईला वाचून दाखवलं, "मी, ईश्वर सरयूबाला देवी..."

आईनं डोळे पुसले. "सुटली गं बाई," म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी नीट जेवली. मी खिडकीत बसून पार्सलं परत येण्याची वाट बघायला लागलो.

पार्सलं आली नाहीत. शेजारची मोक्षदा आत्या आली, अनवाणी, हातात जास्वंदीची फुलं घेऊन. तिनं ती सरयूच्या जुन्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि मला झापलं, "एवढी मोठी गोष्ट, आणि गावाला सांगितली नाहीस होय रे?"

"कुठली गोष्ट?"

"पेपरात आलंय आणि वर मलाच विचारतोस?"

मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. चंद्रबिंदू देवाच्या नावाआधीही असतो. कालीच्या, दुर्गेच्या, काशीच्यासुद्धा. सरयू ब्राह्मणाघरची, म्हणून तिच्या नावापुढे 'देवी' होतंच. आणि मेलेली बाई कधी 'मी बरी झाले, स्वयंपाक करते' असं म्हणते का? देवीच म्हणू शकते. लोकांनी सरळ हिशेब केला. चुकीचा म्हणायला मला जागाच नव्हती.

कविरत्नांनी तो हिशेब लोकांच्याही आधी केला असावा. महिन्याभरात बाटल्यांवर नवी चिठ्ठी आली: 'देवी सरयूबाला यांच्या स्वप्नादेशाने सिद्ध'. भारतमातेच्या जागी माझी बहीण बसली होती, चार हातांची, एका हातात बाटली. अघोर जिल्ह्याचा एजंट झाला. ईशानला म्हणे मालकांनी धोतरजोडी दिली.

गावातल्या बायका आईच्या पाया पडायला यायच्या. आई आधी पाय ओढून घ्यायची. मग नुसती बसून राहायला लागली. मग पाय पुढं करायला लागली. मला राग यायचा, पण पोरीचं नाव कुणी घेतलं की तिचा चेहरा कसा उजळे तेही मला दिसत होतं.

फाल्गुनात आईला ताप भरला. दात वाजेपर्यंत थंडी, मग अंगाची लाही. मी कोयनेलची पुडी आणि पाणी घेऊन बसलो. तिनं पुडी हातानं उडवली.

"मला सरयूची बाटली दे."

"आई, तीच बाटली पिऊन सरयू गेली. तुझ्या डोळ्यांदेखत गेली."

"माणूस म्हणून गेली. तुला नाही कळायचं."

"मीच ती खूण घालायला लावली गं. तिचं तोंड मिटावं म्हणून. तूच पाठवलंस ना मला?"

"मग तुझ्या हातून तिनंच करून घेतलं ते," आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "माझ्या लेकीचं औषध नाही घेणार तर कुणाचं घेऊ? त्या मेल्या साहेबाचं?"

ती दोन दिवस तशीच पडून राहिली. सरयूच्या वेळी मी अघोरशी वाद घालत बसलो होतो आणि तो जिंकलोही होतो. या वेळी वाद घातला नाही. मोक्षदा आत्याकडून एक बाटली आणली, पोस्टाच्या मागच्या खोलीत दार लावून कोयनेलच्या पुड्या तिच्यात ओतल्या आणि हात दुखेपर्यंत हलवली.

पहिल्याच घोटाला आईनं तोंड वाकडं केलं. "कडू झालंय हे."

"नवी बाटली आहे. देवीनं जास्त गुणकारी करून घेतलीय."

जाहिरात लिहायला मला कुठं शिकावं लागलं नाही. आईनं बाटली कपाळाला लावली आणि गटागटा प्यायली. आठवड्याभरात ताप हटला. महिन्याभरात ती अंगणात बसून चिंचा सोलायला लागली.

अघोर सासूला भेटायला आला, माझ्याशी न बोलता तिच्याशी तासभर बोलला आणि गेला. पुढच्या शनिवारी शेवटच्या पानावर सरयूच्या खाली आई होती. "मी, श्रीमती क्षेमंकरी देवी, देवी सरयूबाला यांची जन्मदात्री, हिवतापाने अंथरुणास खिळले होते. सुधेच्या एका बाटलीने उठून बसले. वाटेल त्याने गाबतल्यास येऊन प्रत्यक्ष पाहावे." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आता कलकत्त्याला जाऊन मी कुणाशी भांडणार होतो?

लोक प्रत्यक्ष पाहायला यायला लागले. परवा पलीकडच्या गावचा यादव कैवर्त पार्सल सोडवायला आला. त्याची बायको अंथरुणात होती, पाचव्या महिन्याची गरोदर. आई ओसरीवर बसली होती.

"डाकबाबू, तुम्ही घरचे," तो हळूच म्हणाला. "खरं सांगा. आईसाहेबांना यानंच गुण आला ना?"

"नाही," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, आईला ऐकू जाईल असं. "बाटलीत मी कोयनेल घातलं होतं. ते घेऊन जा. हे बघ, इथंच आहे."

तो हसला. "सरकारचं मीठ खाता, तुम्ही सरकारी पुडीचंच नाव घेणार." आणि त्यानं ओसरीकडे वळून हात जोडले. "आई, तुम्हीच सांगा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तो कडू घोट तिला आठवला असणार. क्षणभर वाटलं की तिला सगळं कळलंय, आणि आता ती बोलेल.

"माझ्या सरयूनं वाचवलं मला," ती म्हणाली. "घेऊन जा, बाळा. बायकोला म्हणावं, कडू लागलं तरी पी."

यादवनं हात पुढं केला. पार्सलाला लाखेचं सील होतं. ते मला फोडता येत नव्हतं. मी शिक्का मारला आणि पार्सल त्याच्या हातात दिलं.