तिसऱ्यांदा परत आलेली डबी

बिदरच्या त्या सभागृहात एकच पंखा चालत होता, म्हणून सगळ्यांनी खुर्च्या त्याच्याखाली ओढल्या होत्या. उद्धवरावांनी तसंच चालू दिलं. पस्तीस वर्षं क्षयाच्या रुग्णांमागं गावोगाव हिंडून ते निवृत्त झाले होते. उपचार संपल्यावर प्रत्येक रुग्णाचं काय झालं ते कसं तपासायचं, हे नव्या माणसांना शिकवायला त्यांना भालकीहून बोलावलं होतं. ऑफिसनं दोन दिवस सांगितले होते, त्यांनी तीन मागून घेतले.

"नंबर वाचायचा नाही," ते म्हणाले. "आधी नाव, मग गाव. मग दोन महिन्यांनी बेडक्यात काय दिसलं, शेवटी काय दिसलं. चूक कुणाची ते विचारायचं नाही. काय झालं, एवढंच विचारायचं."

एकेक जण उभं राहून कार्ड वाचू लागला. कुणी बरा झाला होता. कुणी ऊसतोडीला गेला तो परतलाच नव्हता. एक जण वारला होता. त्याचं नाव उद्धवरावांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, मगच पुढचं कार्ड मागितलं.

पुढचं कार्ड मंगलचं. ही जनवाड्याकडची आशा कार्यकर्ती.

"अंबुबाई. जनवाड्याच्या पलीकडं शेतात एकटीच राहतीय. सहा महिने मी रोज जाऊन समोर गोळ्या खायला लावले, एक दिवस चुकला न्हाई. दोन महिन्याला बेडका साफ. शेवटचा रकाना..." ती अडखळली. "कोराच हाय, सर."

"कामून?"

"बेडका येतच न्हाई म्हणतीय. तीनदा डबी दिले, तीनदा लॅबमधून परत आली."

लॅबमधला बालाजी मागून हसला. "डबीत नुसती लाळ, सर! म्हातारी थुंकून हिच्या हातात द्यायलीय, आन ही जत्रेतला परसाद आणल्यावानी जपून घेऊन यायलीय."

"तू जा की मग, चार किलोमीटर उन्हात!" मंगल फणकारली. "सर, 'उपचार पूर्ण' लिहून टाकू का? गोळ्या तर झाल्या सगळ्या."

"लिहिता येईल. पण 'बरी झाली' म्हणायचं तर बेडका तपासायला हवा. आत काही उरलं असेल तर तिला कळायला नको?" उद्धवराव बालाजीकडं वळले. "दोन महिन्यांची डबी कशी होती?"

"ती चांगली होती. बेडकाच होता."

"म्हणजे तिला काढता येतो."

त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं. "उद्या आपण तिघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं शेतावर पोहोचले. अंबुबाई चुलीशी वाकून जाळ फुंकत होत्या. चार शेळ्या, पत्र्याची खोली आणि भोवती कापून झालेली तूर. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नव्हतं.

"आलीस व्हय? आज उशीर केलीस," त्या मंगलला म्हणाल्या. मग मागची माणसं दिसली. "ही वरात कामून आणलीस गं?"

"तुलाच न्यायला, अक्का. बेडका दे, न्हाईतर हा बालाजी हितंच मुक्काम करतंय."

अंबुबाईंनी डबी घेतली, खोलीमागं गेल्या आणि लगेच परतल्या. बालाजीनं डबी उजेडात धरली. "झालं. चौथ्यांदा लाळ."

तेवढ्यात चुलीच्या धुरानं अंबुबाईंना ठसका लागला. छातीच्या तळातून खोकला आला. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि घशाशी आलेलं गिळून टाकलं. मंगलला ते दिसलं नाही. उद्धवरावांना दिसलं. त्यांनी दोघांना पाणी आणायला विहिरीवर धाडलं आणि दगडावर बसले.

"अक्का, गिळलात की."

अंबुबाई चुलीतली लाकडं सारत राहिल्या. उद्धवरावांची नजर वर गेली. चुलीवरच्या छपराच्या आड्याला सुतळी बांधून गोळ्यांची रिकामी पाकिटं एकाखाली एक ओवली होती.

"ही कामून जपलीत?"

"टाकवत न्हाईत. हे खालचं हाय का, त्या वक्ताला मंगलच्या पोरीला दात आले. हे मधलं, तवा तिचं सासूसंगं भांडण झालं. तीन दिवस त्याच्यावरच बोलायली होती." त्या किंचित हसल्या. "गोळ्या गिळूस्तोर ती बसायची. मग मी हळूहळू गिळायची."

"आणि आता डबीसाठी येते."

"व्हय. बेडका दिला की कार्ड बंद. तीच बोलली, तू बरी झालीस की मी सुटले म्हणून. हसतच बोलली. तिला कशाला बोल लावू? तिला चाळीस घरं हायत."

"पण आत रोग उरला असला तर?"

"उरला तर आणखी सहा महिने येईल न्हवं?"

काल दिवसभर उद्धवराव रकाना कोरा सोडू नका म्हणून सांगत होते. विहिरीवर रहाटाचा आवाज चालू होता. भालकीचं घर त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. पत्नी पार्वतीबाई जाऊन चार वर्षं झाली होती. संध्याकाळी ते रेडिओ लावायचे, तो बातम्यांसाठी नसायचा.

"हे शिकवणं दोन दिवसांचं आहे, अक्का," ते हळूच म्हणाले. "मी ऑफिसात तीन लागतील म्हणून सांगितलं."

अंबुबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं, आणि एकदम खळाळून हसल्या. "म्हणजे मास्तर, तुमी बी लाळच दिलात की डबीत!"

हसता हसता पुन्हा खोकला आला. त्यांनी हात पुढं केला. "द्या दुसरी डबी."

या वेळी त्या खोलीमागं बराच वेळ होत्या. परतल्या तोवर मंगल आणि बालाजी पाणी घेऊन आले होते; डबी बालाजीला न देता त्यांनी उद्धवरावांच्या हाती दिली.

"काय निघालं ते सांगायला कोण येणार?"

"फोन करता येतो."

"फोन उचलत न्हाई मी."

"मग मी येतो."

तिसऱ्या दिवशी दुपारी बालाजीनं निकाल आणला. जंतू नव्हते. मंगलनं कोऱ्या रकान्यात 'बरी झाली' लिहिलं आणि पेनला टोपण लावलं नाही. "सर, आता पुन्हा कवा जायचं?"

"सहा महिन्यांनी. खोकला परत आलाय का ते बघायला."

"आन मधी?"

"मध्ये कार्डात रकाना नाही," उद्धवराव म्हणाले.

सभागृहाला कुलूप लागलं. सगळे आपापल्या बसला पळाले. उद्धवराव भालकीच्या बसमध्ये न चढता जनवाड्याला गेले आणि तिथून शेतापर्यंत चालत.

अंबुबाई वाटेकडं तोंड करूनच बसल्या होत्या.

"काही नाही निघालं. बऱ्या झालात."

"हं," त्या म्हणाल्या. आनंद झाला की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. "मंगल?"

"सहा महिन्यांनी येईल. तारीख लिहून देतो."

त्यांनी चिठ्ठी घेतली. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिली आणि पाकिटांच्या सुतळीत सगळ्यात खाली अडकवली. मग न विचारता चहाचं आधण ठेवलं.

"तुमची बस कवा हाय?"

"पाचला."

"तिच्या मागं?"

"साडेसहाला एक आहे."

"मग तिनं जावा की," अंबुबाई म्हणाल्या, आणि आधणात अजून एक कप पाणी ओतलं.

उद्धवरावांनी पिशवी खांद्यावरून उतरवली.