यमाची रेघ

मुलांनो, अकोल्याच्या डोंगराकडचं एखादं गाव मनात आणा. मारुतीच्या देवळात मुंगीला शिरायला जागा नाही. तोंडाला पदर-उपरणी लावून सगळे पट्टीबुवाकडे बघताहेत.

बुवाच्या हातात कोरोना तपासायची छोटी पांढरी पट्टी होती. त्याने म्हाताऱ्या रंगुबाईची लाळ कापसावर घेतली, त्यावर तांब्यातलं तीर्थ ओतलं आणि कापूस पट्टीवर पिळला. हळूहळू दोन लाल रेघा उमटल्या.

"पहिली रेघ जिवाची, दुसरी यमाची," बुवा म्हणाला. "जुनाच कोरोना माघारी आलाय. म्हातारीला दवाखान्यात न्हेली, तर परत दिसायची न्हाई. घरात कोंडा. उतारा मी करतो."

रंगुबाईच्या नातीने, सातवीतल्या अश्विनीने, वडिलांकडे, सूर्यभानकडे पाहिलं. आजीला शुगर, त्यात सकाळपासून धाप. फाट्यावर जीप उभी होती, पण सूर्यभानचा पाय उचलेना. कोरोनाच्या पहिल्या साथीत आजोबांना गाडीतून दवाखान्यात नेलं, ते पुन्हा दिसलेच नाहीत. तेव्हापासून दवाखाना म्हटलं की त्याला कापरं भरे.

"आप्पा, जीप जाईल."

"थांब. बुवा सांगतोय ना."

एवढ्यात तीर्थ वाटायला सुरुवात झाली. अश्विनीने तळहातावरचं थोडं बोटाने चाखलं आणि तिचे दात आंबले. लिंबू! उरलेलं तिने तसंच धरलं, दुसऱ्या हाताने बुवाच्या ताटातली कोरी पट्टी उचलली आणि तिच्यावर तळहात निथळू दिला.

बुवा खेकसला, पण माणसं पट्टीकडे वाकली होती. आजीच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. एक रेघ आली. मग दुसरी.

"हिच्यावर कुणाचीच लाळ न्हाई," अश्विनी म्हणाली. "मग कोरोना तीर्थाला झालाय का?"

रंगुबाई धापा टाकतच म्हणाली, "बुवा, तांब्याला कोंड की घरात."

हशा पिकला आणि सूर्यभानने आईला उचललं.

लबाडी एवढीच होती. पट्टीवर तिच्यासोबत आलेलं द्रावणच टाकायचं असतं. लिंबाच्या आंबटपणाने खोटी रेघ उमटते. उताऱ्यानंतर बुवा नव्या पट्टीवर नुसतं खरं द्रावण टाकी, की यमाची रेघ गायब!

सुरुवातीला हा विषाणू आपल्या शरीराला अनोळखी होता, लसही नव्हती. आता लशीमुळे आणि होऊन गेलेल्या आजारामुळे शरीर त्याला ओळखतं. बहुतेकांचं सर्दी-तापावर निभावतं. म्हाताऱ्यांना, शुगरवाल्यांना मात्र तो अजूनही जड जाऊ शकतो. त्यांनी वेळेत डॉक्टर गाठावा. म्हणून पोरांनो, जुनी भीतीसुद्धा अधूनमधून तपासून घ्यावी.

आजोबांजवळ तेव्हा कुणालाच बसता आलं नव्हतं. अश्विनीने जीपची खिडकी उघडली, आजीच्या आणि आपल्या तोंडाला मास्क लावला आणि आजीचा हात धरून तिला चिकटून बसली.