थेंब, टेबल आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेचा एक कोपरा तडकला आहे आणि बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते. आत्मवृत्त सांगण्याइतके माझे आयुष्य मोठे आहे का, याची मला खात्री नाही. पण मागे वळून पाहिले की आधी एक पत्र आठवते. त्याला उत्तर गेले नव्हते, आणि त्याला कारण मीच, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात तांदळाच्या दाण्याहून लहान असे दोन तुकडे बसवले गेले. त्यांना सेन्सर म्हणतात. जमीन कोणत्या बाजूला आहे ते एकाला कळते. मला कोणी वळवले, फिरवले तर ते दुसऱ्याला कळते. डोळे मिटून झोपाळ्यावर बसलात तरी आपण पुढे चाललो की मागे हे तुम्हाला समजते ना, तसेच.

मी कामाला लागलो तो शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिथे ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून मोबाईलवरचे खेळ बनवत. भाऊ चित्रे काढी, ताई प्रोग्राम लिही. त्यांच्या खेळात एका पानावर पाण्याचा थेंब असे. मला कलते केले की थेंब घरंगळे. तो न सांडता झाडाच्या मुळाशी न्यायचा. प्रत्येक बदल आधी माझ्यावर तपासला जाई. ताई भारी काटेकोर. तिने सुताराची पाणसळ आणून, पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून टेबल अगदी सपाट करून घेतले होते.

"या टेबलावर जेवायचं तरी का?" भाऊ विचारी.

"जेव. पण टेकू नकोस."

मी त्या टेबलावर उताणा पडलो की थेंब पानाच्या मधोमध उभा राही. ताई मला उचलून पाठीवर थोपटे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एके सकाळी टपालाने पत्र आले. लिहिणारे गृहस्थ घड्याळे दुरुस्त करणारे. त्यांनी लिहिले होते, "सध्या घरीच असतो. नातीने तुमचा खेळ दाखवला. ती भराभर पुढे जाते. माझा थेंब पहिल्याच पानावरून सांडतो. नात हसते. हसू दे. पण जन्मभर या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, म्हणून विचारतो. दोष हातांचा असेल तर स्पष्ट कळवा, म्हणजे माझी हत्यारे कोणाला तरी देऊन टाकीन." खाली मोबाईलची कंपनी आणि मॉडेल लिहिले होते. ते माझेच होते.

ताईने मला लगेच टेबलावर ठेवले. थेंब जागचा हलला नाही. मग खुर्चीत बसून ती खेळली. सारे ठीक.

"मग तसं कळव," भाऊ म्हणाला.

"काय कळवू? काका, तुमचे हात गेले, असं?"

तिने पत्र दिव्याला टेकवून ठेवले आणि ते तिथेच राहिले. पुढे नवे मोबाईल आले, मी खणात गेलो. तरी अधूनमधून ताई मला बाहेर काढी, पत्राकडे बघत पुन्हा तपासी आणि परत ठेवून देई. खणात पडून मी विचार करी, आमच्या जातीतच तर काही खोट नसेल?

मग एकदा पाण्याचा जार उचलताना ताईची कंबर धरली. डॉक्टरांनी आडवे पडून राहायला सांगितले. ती खोलीतच गादी टाकून पडली, आणि करमेना म्हणून तिने मला मागून घेतले. मला तोंडावर धरून ती खेळू लागली. थेंब सांडला. पुन्हा सांडला.

"गेला बिचारा. म्हातारा झाला," ताई म्हणाली. आता खणच कायमचा, असे मला वाटले.

भावाने मला घेतले, खुर्चीत बसून थेट मुळापर्यंत थेंब नेला. "हा ठणठणीत आहे. म्हातारी तूच झालीस."

"दे इकडे." थेंब पुन्हा सांडला.

"उठून बस बरं जरा."

"बसता आलं असतं तर तुझी बोलणी ऐकत पडले असते का?" ताई म्हणाली. तिची नजर दिव्याला टेकवलेल्या पत्राकडे गेली. "अरे, ते काका झोपून खेळत असतील रे! 'सध्या घरीच असतो' असं लिहिलंय ना त्यांनी!"

मित्रांनो, मी टेबलावर असतो तेव्हा जमीन माझ्या पाठीकडे असते. झोपून तोंडावर धरले की ती पडद्याच्या बाजूला येते. मी खरे तेच सांगत होतो. पण सपाट म्हणजे ते टेबल, एवढेच खेळाला शिकवलेले होते. त्याच्या हिशेबी पान उलटे झाले होते. थेंब सांडणारच!

ताईने पडल्या पडल्या सांगितले, भावाने कुरकुरत लिहिले. आता खेळ सुरू होताना सांगतो, "तुम्हाला सोयीचे वाटेल तसा मोबाईल धरा आणि पानाला बोट लावा." त्या क्षणी मी जसा असेन, तेच सपाट. ताईने मला तोंडावर धरून बोट लावले. थेंब पानाच्या मधोमध उभा राहिला.

"आता टेबलाला टेकू का?" भावाने विचारले.

"नाच त्यावर."

मग तिने कागद मागितला.

"एवढ्या उशिरा? हत्यारं देऊन टाकली असतील त्यांनी."

"दिली असली तर परत मागून आणतील. हात तर त्यांचेच आहेत ना!"

उपदेश करण्याइतका माझा वकूब नाही. पण मित्रांनो, जुनी वस्तू टाकून देण्याआधी, आणि एखाद्याला जमत नाही म्हणून हसण्याआधी, तो कुठे, कसा बसला आहे तेवढे पाहत जा.

ताईने लिहिले, "काका, दोष तुमच्या हातांचा नव्हता, आमच्या टेबलाचा होता. खेळ आता सुधारला आहे. झोपूनच खेळा, आणि नातीला हरवा." कंबर जरा सैल झाल्यावर ती स्वतः टपालपेटीकडे निघाली. मी तिच्या खिशात होतो. जिन्यावर तिची पावले जपून पडत होती. पेटीपाशी ती थांबली, पत्र आत टाकताना किंचित एका बाजूला कलली, मग सरळ झाली. परतताना तिची चाल हलकी झाली होती, आणि मला हे बरोबर कळले आहे, याची या वेळी मला पक्की खात्री होती.