न वाढणारी पाठ

त्या स्वेटरची पाठ काही केल्या वाढत नव्हती. मी रोज सकाळी विणायला बसत होते, हात चालत होते, लोकर बोटांवरून सरकत होती, आणि दुसऱ्या दिवशी टेप लावला की पाठ जिथल्या तिथे. आधी मला वाटलं टेपच खोटा आहे. म्हणून दुसरा आणला, तर तोही पहिल्याचीच री ओढायला लागला.

थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. मी लोकरीच्या दुकानाच्या मालकीणबाईंसाठी स्वेटर विणते. गिऱ्हाईक त्यांच्याकडे माप देतं, त्या माप आणि लोकर माझ्याकडे पाठवतात. मशीनचे स्वेटर कितीतरी स्वस्त मिळतात हे मला कोणी सांगायला नको. नणंद दर भेटीत सांगते. तरी हाताने विणलेलंच हवं म्हणणारी माणसं अजून आहेत, आणि ती आहेत तोवर मीही आहे.

घरात आम्ही तिघं. नवरा सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. दिवसभर मी आणि सासरे. सासरे घड्याळजी होते. डोळे थकल्यावर दुकान बंद केलं आणि सगळी हत्यारं घरी आणली, तेव्हापासून आमच्या घरातलं एकही घड्याळ सुखाने चाललेलं नाही. चांगलं चालतं घड्याळ उचलतात, ‘बघतो जरा’ म्हणतात, आणि मग ते आठवडाभर पोट उघडं टाकून टेबलावर पडतं. मी त्यांना बाबा म्हणते. आमचं बोलणं बेताचंच. चहा झाला का, दूधवाला येऊन गेला का, एवढंच. पण भांडण कधी नाही.

मला थायरॉइड आहे. बोटांचे सांधे सकाळी आखडलेले असतात; कोमट पाण्यात हात बुडवून बसले की मग कुठे सुया धरता येतात. ही दोन दुखणी चारचौघांत सांगता येतात. तिसरं सांगता येत नाही. अधूनमधून मला उठवतच नाही. रडू येत नाही, कोणी काही बोललेलं नसतं, घरात सगळं ठीक असतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि काय होतंय असं कोणी विचारलं तर सांगायला काही सापडत नाही. नवरा म्हणायचा, हवा बदलली की तुला असं होतं. मीही तेच धरून चालले होते. या वेळी थायरॉइडच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यासाठीही गोळी दिली. दुपारी जेवल्यावर घ्या म्हणाल्या, झोप येईल, सुरुवातीला डोकं जड वाटेल, थोडं विसरायला झालं तरी घाबरू नका.

घाबरू नका म्हणणं सोपं आहे. माझी आई शेवटची काही वर्षं सगळं विसरली होती. मला ताई म्हणायची, दारात आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं अदबीने बोलायची, चहा घेऊनच जा म्हणून आग्रह करायची. तेव्हापासून माझा चष्मा जागेवर दिसला नाही तरी मी घरभर दिवे लावून शोधत सुटते.

त्यात ही पाठ. गडद निळी लोकर, एका उंच माणसाचं माप, साधी सुलट-उलट वीण. डोळे मिटून व्हावं असं काम. टेपवर विश्वास उरला नाही तेव्हा मी गुंड्याकडे बघायला लागले. तर लोकरीचं टोक कुरळं झालेलं. कोरी लोकर सरळ असते. एकदा विणून उसवलेली लोकर अशी कुरळी होते. म्हणजे हे विणलेलं होतं आणि उसवलेलंही होतं. कोणी? घरात विणणारी मी एकटी. मग मीच विणते, मीच उसवते, आणि उसवलेलं मला आठवत नाही.

कुठवर विणलं ते कळावं म्हणून मी सुईखालच्या टाक्यात लाल दोरा बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी दोरा सुईखाली नव्हताच, टोपलीत होता, छान घडी घालून ठेवलेला. मी त्या घडीकडे बघत बसले. वेड लागलं तरी माणूस एवढा टापटीप राहतो का, असा एक विचार मनात येऊन गेला, आणि त्याचंही हसू आलं नाही.

रात्री जेवताना मी नवऱ्याला आडून आडून विचारलं, की माझं बोलणं-चालणं हल्ली काही वेगळं वाटतं का. तो म्हणाला, भाजीत मीठ नाहीये, तेवढं वेगळं आहे. त्याने गमतीत म्हटलं, पण मी हातातला घास ताटात ठेवला. आई पहिल्यांदा काय विसरली होती ते मी आठवायला लागले. मीठच होतं की काय? नक्की आठवेना, आणि आठवत नाही म्हणून आणखी भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी ती दुपारची गोळी बेसिनमध्ये टाकायला लागले. विसरायला होईल असं डॉक्टरबाई स्वतःच म्हणाल्या होत्या, मग रोज पाण्याबरोबर विसराळूपणा कशाला गिळायचा? कोणाला सांगितलं नाही. दुपारी खोलीचं दार लोटून पडायची सवय मात्र तशीच ठेवली. झोप लागायची नाही. डोक्यात एकच चक्र चालायचं, की आता मी इथे पडले आहे हे तरी खरं का, की बाहेर बसून उसवते आहे? वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. मला तेव्हा वाटत नव्हतं. गोळी बंद करूनही पाठ वाढेना, आणि सकाळी उठणं मात्र जास्तच जड जायला लागलं. आता दोष द्यायला गोळीही उरली नाही.

मग मालकीणबाईंचा फोन आला. गिऱ्हाईक चौकशीला येऊन गेलं होतं. त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट. तब्येत बरी नसेल तर लोकर परत पाठवा, दुसरीकडून करून घेते, असं अगदी प्रेमाने म्हणाल्या. मला वाटलं, यांना कळलं. सगळ्यांना कळलंय आणि मला कोणी सांगत नाहीये.

फोन ठेवून मी ती पाठ उचलली आणि खिडकीत गेले. परत पाठवायची तर निदान नीट करून पाठवावी, म्हणून चांगल्या उजेडात धरली. निळी लोकर फार गडद होती, आणि इतके दिवस मी तिच्याकडे फक्त टेप लावून बघत होते. आता टाके दिसले. खालचा सगळा भाग माझ्या हातचा, सारखा. पण वर, जिथे काम अडलं होतं तिथे, काही ओळींत टाके पीळ पडलेले होते. टाका सुईवर उलट्या बाजूने चढवला आणि तसाच विणला की त्याला असा पीळ पडतो. नवशिक्या बायका उसवल्यावर टाके परत सुईवर घेताना ही चूक हमखास करतात.

मी करत नाही. मी आईच्या मांडीवर बसून शिकले, माझ्या हातून टाका झोपेतसुद्धा उलटा चढणार नाही. आणि हे नुसतं फुशारकीने सांगत नाही. आई मला ताई म्हणत होती त्या दिवसांतही सुया हातात दिल्या की तिचे टाके सरळच पडायचे. डोकं गेलं होतं, हात गेला नव्हता. मग माझं डोकं गेलं असेल-नसेल, पण हे टाके चढवणारा हात माझा नाही. एवढं मला खिडकीत उभ्या उभ्या कळलं, आणि कळल्याने काहीच उलगडलं नाही. चोर स्वेटर नेतो. रोज येऊन उसवून, टाके परत चढवून, दोऱ्याची घडी घालून जाणारा चोर मी तरी ऐकलेला नाही.

दुपारी मी नेहमीसारखं दार लोटलं, पलंगावर पडले, आणि थोड्या वेळाने अनवाणी बाहेर आले.

बाबा खिडकीशी बसले होते. एका डोळ्याला घड्याळाचं भिंग, हातात चिमटा, मांडीवर निळी पाठ. ओळी उसवून झाल्या होत्या. मोकळे टाके ते एकेक करून चिमट्याने उचलत होते आणि सुईवर चढवत होते. जीभ दातांत धरलेली. अर्धे टाके उलटे चढत होते आणि त्यांना पत्ताही नव्हता.

“बाबा, हे काय चाललंय?” मी विचारलं.

“हलू नकोस,” ते म्हणाले. “टाका निसटेल.”

आणि मी खरंच हलले नाही. त्यांनी राहिलेले टाके चढवले, लोकर गुंड्यावर गुंडाळली, मगच भिंग काढलं. पकडलं गेल्याची लाज चेहऱ्यावर नव्हती. उलट काम वेळेत झाल्याचं समाधानच होतं.

“तू स्वेटर पुरा केलास की पडतेस,” ते म्हणाले. “पिवळा दिलास, पडलीस. त्या जुळ्यांचे दिलेस, पडलीस. दरवेळी. विणत असतेस तोवर कुरकुरत का होईना, उठतेस. घड्याळाची चावी पूर्ण उतरू द्यायची नसते. म्हटलं, हा पुराच होऊ द्यायचा नाही.”

मी म्हणाले, ते हवेमुळे होतं. पण म्हणता म्हणताच मला पिवळा स्वेटर आठवला, तो दिला तेव्हाची हवा अगदी छान होती. जुळ्यांचे दिले ते दुसऱ्याच ऋतूत. प्रत्येक वेळी पिशवी मालकीणबाईंच्या हातात देऊन मी घरी आले होते आणि एक-दोन दिवसांत भिंतीकडे तोंड केलं होतं. नवऱ्याला दिसलं नाही, डॉक्टरबाईंना कळायचं कारण नव्हतं, आणि मला स्वतःला माहीतच नव्हतं. ज्या माणसाशी मी दूधवाल्यापलीकडे बोलत नाही, त्याने ते बघून ठेवलं होतं.

मला तो गुंडा त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटल्यामुळे दोन्ही झालं नाही.

“मला वाटलं माझं आईसारखं झालं,” मी म्हणाले. “गोळीमुळे झालं असेल म्हणून मी गोळी बंद केली. रोज बेसिनमध्ये टाकतेय.”

चिमटा त्यांच्या हातून खाली पडला. तो उचलायलाही ते वाकले नाहीत. ते म्हणाले, “हे माझ्या ध्यानात आलं नाही.” मी तोंडाला येईल ते बोलले. म्हातारपणी बुद्धी कुठे गहाण टाकलीत, असंही बोलले, आणि सासऱ्यांना असं कोणी बोलतं का याचा विचार नंतर केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून पाणी आणलं आणि गोळी कुठे आहे ते विचारलं.

पुढचे दिवस मी गोळी घेतली आणि विणलं. पीळ पडलेल्या ओळींपर्यंत मी स्वतःच उसवलं, टाके सरळ चढवले, आणि पाठ भराभर वाढली. पुढचे भाग झाले, बाह्या झाल्या. बाबा समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. घड्याळांनासुद्धा हात लावत नव्हते. स्वेटर जसजसा पुरा होत आला तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी पडायचं नाही. त्यांना खोटं पाडायचंच.

स्वेटर देऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले, चहा केला आणि कप मुद्दाम आपटून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी उठवलं नाही.

गोळी चालू होती. डोकं शाबूत होतं, हे आता मला माहीत होतं. हवा रोजच्यासारखी होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मला म्हाताऱ्याचा भयंकर राग येत होता, कारण त्याचं बरोबर निघालं होतं. बरोबर निघालं तर मग करायचं काय? आयुष्यभर एकच पाठ विणत बसायचं?

बाबा दाराशी येऊन उभे राहिले. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. “आता काय करायचं?” म्हणाले.

“मला माहीत नाही,” मी भिंतीला सांगितलं.

“मलाही नाही.”

ते गेले नाहीत. थोड्या वेळाने मी म्हणाले, “डॉक्टरबाईंना हे मला सांगता येणार नाही. पडलेली मी असते, बघितलंय तुम्ही. तुम्ही या आणि सांगा.”

‘बरं’ म्हणून ते गेले. मग बाहेरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि सगळं शांत झालं. बऱ्याच वेळाने मी मान वळवून बघितलं. दारासमोरच्या खुर्चीत बाबा कोट चढवून, बूट घालून, नाड्या बांधून, हातात माझी औषधाची पिशवी घेऊन बसले होते. दवाखाना संध्याकाळी उघडतो, आणि अजून सकाळच होती. मी म्हटलं, बूट तरी काढा. ते म्हणाले, असू दे, मी बसलोय.

त्यांना तसं किती वेळ बसवायचं, म्हणून मी उठले.